चंद्राबरोबर वाढणारे उंदीर

“मनुष्यजातीनंतर या पृथ्वीवर राज्य कुणाचं येणार असेल, तर ते उंदरांचं,” असं डॉ. वैजनाथ सुपेकर यांनी धोंडमाळच्या मारुतीच्या पारावर उभं राहून जाहीर केलं, आणि वाक्याचा परिणाम श्रोत्यांच्या चेहऱ्यावर उमटावा म्हणून ते जरा थांबले.

“नंतर कशाला,” मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, “गिरामपंचायतीत आत्ताबी त्येंचंच हाय.”

सरपंच रुपालीताईंनी पदर सावरला. त्यांचे यजमान रंगनाथ वराट यांनी मागे वळून कोण बोललं ते नीट बघून ठेवलं. सरपंच रुपालीताई होत्या. बघून ठेवण्याचं काम रंगनाथ करायचे, तसंच सही सोडून बाकीचं सगळं.

सुपेकर सर नगरच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत. येत्या मे महिन्यात ते निवृत्त होणार होते. उभ्या नोकरीत त्यांनी बेडूक कापून घेतले, आणि बेडूक कापणं बंद झाल्यावर बेडकाच्या आकृत्या काढून घेतल्या. त्याचं त्यांना दुःख नव्हतं. दुःख होतं ते एका उवेचं. त्यांच्याच विभागातल्या एका सहकाऱ्याला, ज्याला सर मनातून अगदी सुमार समजत, साळुंकीच्या पंखात एकदा एक नवीन ऊ सापडली, आणि त्या उवेच्या शास्त्रीय नावात सहकाऱ्याचं आडनाव कायमचं जाऊन बसलं. माणूस जाईल, कॉलेज बंद पडेल, साळुंकी उडून जाईल, पण ऊ राहील. स्टाफरूममध्ये तो सहकारी नुसता डोकं खाजवायला लागला तरी सरांना वाटे, हा मुद्दाम करतोय.

तेव्हा निवृत्तीच्या आत आपल्या नावाचं काहीतरी विज्ञानात राहिलं पाहिजे, या एका ध्यासाने सरांना घेरलं होतं. ऊ-पिसू त्यांना नको होती. त्यांना एकदम सिद्धांत हवा होता. रानातल्या लहान सस्तन प्राण्यांची संख्या कशी वाढते आणि कशी घटते, या प्रश्नावर जगातल्या मोठमोठ्या लोकांनी डोकी फोडून घेतली आहेत, असं त्यांनी वाचलं होतं; आणि आपलंही डोकं तिथेच फुटावं, अशी त्यांची इच्छा होती. म्हणून वर्षभराची शिल्लक रजा टाकून, तारेचे पिंजरे गाडीत भरून ते जामखेडच्या आतल्या अंगाला असलेल्या या धोंडमाळ गावात आले होते. गावाला नुसता माळ होता आणि माळावर कुसळी गवत, धोंडे आणि शेपटीला गोंडा असलेले माळउंदीर.

“पद्धत सोपी आहे,” सर पारावरून सांगत होते. “संध्याकाळी पिंजऱ्यात दाण्याचा कूट आणि गूळ ठेवायचा. सकाळी जे उंदीर सापडतील, त्यांच्या कानाला हे जांभळं औषध लावायचं आणि सोडून द्यायचं. पुढच्या खेपेला जांभळे किती आणि कोरे किती ते बघायचं. तेच तेच जांभळे आले, तर माळावर उंदीर थोडे. सगळे कोरेच निघाले, तर उंदीर अफाट.”

“म्हंजे मतदानासारखं,” खालच्या आळीचे कारभारी उगले म्हणाले. “शाई लागल्याला परत येऊ द्यायचा न्हाई.”

“नाही, येऊ द्यायचा. तो येतो का, तेच तर बघायचंय.”

“मंग ते बोगस मतदान झालं,” कारभारी म्हणाले आणि त्यांनी रंगनाथांकडे पाहिलं. रंगनाथ मारुतीकडे बघत होते.

सरांनी शेवटी जे सांगितलं ते सांगितलं नसतं, तर ही गोष्ट इथेच संपली असती. ते म्हणाले, “हे काम नीट झालं तर धोंडमाळचं नाव देशभर होईल. मोठमोठे शास्त्रज्ञ पाहणीला येतील.”

पाहणी हा शब्द ऐकल्याबरोबर पारासमोरची माणसं सरसावून बसली. कारण धोंडमाळला शास्त्र ठाऊक नसलं तरी स्पर्धा ठाऊक होत्या. नगर जिल्ह्यात गाव म्हणून जन्माला आलं की कधी ना कधी आदर्श व्हावंच लागतं. धोंडमाळने स्वच्छतेच्या स्पर्धेत भाग घेतला होता, पाण्याच्या घेतला होता, झाडांच्या घेतला होता. समिती येईपर्यंत ती झाडं उभी होती. एकदा तर तंटामुक्तीचं बक्षीससुद्धा मिळालं होतं. मग त्या बक्षिसाची कमान वरच्या रस्त्याला उभारायची की खालच्या, यावरून जो तंटा झाला, त्यात गावाच्या दोन आळ्या झाल्या त्या झाल्याच. कमान अजून ओढ्यात आडवी पडलेली आहे. तिच्यावर बाया धुणं वाळत घालतात.

उंदीर मोजायची स्पर्धा आहे, याबद्दल त्या दिवशी दोन्ही आळ्यांचं एकमत झालं. तंट्यानंतरचं हे पहिलं एकमत. प्रश्न एवढाच उरला, की मार्क जास्त उंदरांना आहेत की कमी उंदरांना.

रंगनाथांच्या वरच्या आळीचं म्हणणं पडलं, की आता जमाना निसर्गाचा आहे; परीक्षक जेव्हा दाण्याचा कूट घालून उंदीर बोलावतो, तेव्हा त्याला उंदीर पाहिजेत, हे उघड आहे. कारभाऱ्यांची खालची आळी म्हणाली, उंदीर म्हणजे घाण, घाण मोजतात ती कमी आहे का बघायला. दोन्हींकडचं बोलणं बिनतोड होतं. सरांना जाऊन सरळ विचारावं, हे कुणाच्या मनात आलं नाही असं नाही. पण परीक्षकाला पेपरातलं उत्तर विचारणं बरं दिसत नाही, आणि दुसऱ्या आळीला उत्तर कळण्याची भीती होतीच.

पिंजरे मांडायला आणि राखायला माणसं लागणार होती. सर म्हणाले, चार माणसं द्या. गावाने सांगितलं, माणसं देऊ, पण पाळीने. धोंडमाळमध्ये सगळं पाळीने चालायचं. सार्वजनिक विहिरीचं पाणी अमावास्येच्या दुसऱ्या दिवसापासून पौर्णिमेपर्यंत वरच्या आळीला, पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवसापासून अमावास्येपर्यंत खालच्या आळीला. उंदरांचीही तीच पाळी लागली. सरांना ही व्यवस्था फार आवडली. “ग्रामीण भागात अजून चंद्रावर आयुष्य चालतं,” असं त्यांनी बायकोला फोनवर सांगितलं. बायको म्हणाली, “स्वेटर घातलाय ना?”

पुढे काय झालं ते सरांना शेवटी कळलं. आपण आत्ताच पाहून घेऊ. वरच्या आळीची पाळी आली की आळीतल्या प्रत्येक घराला उंदीर नेमून दिला जाई. रतनबाईच्या मसाल्याच्या फळीमागचे, सोसायटीच्या गोदामातले, कडब्याच्या गंजीतले, जिथले मिळतील तिथले उंदीर तांबडं फुटायच्या आत पिंजऱ्यांत जाऊन बसत; जांभळ्या कानाचा कुणी आधीच आत शिरलेला असला, तर त्याला बाहेर काढलं जाई. कांदा घेऊन नगरला जाणारा टेम्पोवाला चांदभाई येताना बाजारातल्या गाळ्यांतले आणू लागला. “रिकामा टेम्पो आननं परवडत न्हाई,” असं तो म्हणे. मग पौर्णिमा सरली, पाळी फिरली, की कारभाऱ्यांची माणसं त्याच वेळेला पोतं घेऊन माळावर जात, पिंजऱ्यात आलेला उंदीर पोत्यात घालत, आणि ओढ्यापलीकडे दुसऱ्या गावाच्या हद्दीत नेऊन सोडत. मारत नसत. गणपतीचं वाहन आहे, आणि शिवाय ते गाव कारभाऱ्यांच्या साडूचं होतं.

सर जामखेडला लॉजवर राहत. सकाळी आले की भीमाबाईच्या पडवीत चहा घेऊन माळावर जात. भीमाबाई कुठल्याच आळीची नव्हती, म्हणून दोन्ही आळ्यांनी तिला एकच सांगून ठेवलं होतं: आमची खूण आल्याबगर सरांना उठू द्यायचं न्हाई. त्यामुळे चहा कधी दोनदा व्हायचा, कधी तीनदा, आणि चांदभाईचा टेम्पो वाटेत पंक्चर झाला त्या दिवशी भीमाबाईने सरांना आपल्या धाकट्या जावेची सगळी हकीगत सांगितली, लग्नापासून.

“या गावाची माणुसकी काही और आहे,” सर म्हणत.

“व्हय बाबा,” भीमाबाई म्हणे. “अजून घोटभर घ्या.”

दोन महिन्यांत सरांच्या हाती जे लागलं, त्याने त्यांची झोप उडाली. अमावास्या झाली की उंदीर वाढू लागत. रोज वाढत. पौर्णिमेला तर पिंजऱ्यात दाटीवाटीने बसलेले असत, आणि एकाच्याही कानाला जांभळं नसे. लगेच दुसऱ्या दिवशी सकाळी शुकशुकाट. तो अमावास्येपर्यंत. पुन्हा चढ, पुन्हा शुकशुकाट. सरांनी आलेख काढला तेव्हा तो इतका सुंदर आला, की त्यांनी तो लॉजच्या भिंतीवर लावला आणि वेटरला बोलावून दाखवला. वेटर म्हणाला, “ईसीजी का? जपा, सर.”

चंद्र वाढतो तसे उंदीर वाढतात आणि चंद्र घटायला लागला की ओसरतात. समुद्राला जशी भरती-ओहोटी, तशी जामखेडच्या माळाला उंदरांची. तालुक्याला समुद्र नाही, ही निसर्गाची चूक उंदरांनी भरून काढली होती. सरांनी या शोधाला ‘चांद्र-मूषक चक्र’ असं नाव दिलं. विनयामुळे त्यांनी ‘सुपेकर चक्र’ असं कुठे लिहिलं नाही. लोकांनी पुढे ते आपोआप म्हणावं, म्हणून जागा सोडून ठेवली.

शंका आल्या नाहीत असं नाही. माळावर घरातला उंदीर कसा सापडतो? सरांनी त्याला स्थलांतर म्हटलं. एका उंदराच्या अंगाला हळद लागलेली होती. सरांनी भिंगातून पाहून परागकण अशी नोंद केली. एक उंदीर भलताच लठ्ठ आणि शहरी वळणाचा होता, आणि पिंजऱ्यातून सोडल्यावर त्याला पळायचं कुठे हेच कळेना. त्याला सरांनी ‘अग्रेसर’ म्हटलं. पडताळून बघण्यासाठी एखाद्या रात्री आपण स्वतः माळावर बसावं, असंही एकदा त्यांच्या मनात आलं होतं. पण थंडी होती. आणि खरं तर, भरलेलं ताट समोर आल्यावर स्वयंपाकघरात जाऊन कोण बघतो?

सरांनी शोधनिबंध लिहून पाठवला. उत्तर बंगळुरूच्या एका संस्थेतल्या डॉ. मारिया साळवे यांच्याकडून आलं. या बाई मूळच्या नगरच्या, आणि लहान सस्तन प्राण्यांवर त्यांचा शब्द अखेरचा. त्यांनी लिहिलं होतं, की असा आलेख मी आजवर पाहिलेला नाही. छापण्याआधी प्रत्यक्ष बघायला येते. सरांनी हे पत्र कॉलेजच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलं. ऊवाल्या सहकाऱ्याने खाली नुसता अंगठा दाखवला. त्या अंगठ्यात सरांना प्रथमच थरथर दिसली.

बाईंना भर चढ दिसावा म्हणून सरांनी माघातल्या पौर्णिमेची सकाळ ठरवली. रविवार होता. सरांच्या कॅलेंडरात पौर्णिमा रविवारीच होती.

कारभाऱ्यांच्या कॅलेंडरात ती शनिवारी होती.

तिथी दोन दिवसांना शिवत असली की असं होतं. एक पंचांग एक सांगतं, दुसरं दुसरं. एरवी अशा वेळी विहिरीवर थोडी बाचाबाची होई आणि मिटे. पण आता बंगळुरूची समिती येणार होती, अंतिम पाहणी होती, आणि दोन्ही आळ्यांना आपलीच पाळी असल्याची पक्की खात्री होती.

रविवारी भीमाबाईने चहाचं आधण ठेवलं, पण डॉ. मारिया म्हणाल्या, “आधी माळ बघू, मावशी, चहा आल्यावर.” भीमाबाईने सून आजारी असल्याचं सांगून पाहिलं, स्वतः आजारी असल्याचंही सांगून पाहिलं. बाई तोवर चालायला लागल्या होत्या. सर मागून धावले.

पहिला पिंजरा बाईंनी स्वतः उघडला. आत पांढराशुभ्र, गुलाबी डोळ्यांचा उंदीर होता.

“अल्बिनो,” सर म्हणाले. असा उंदीर त्यांनीही या माळावर प्रथमच पाहिला होता. “माळउंदरात पहिलाच असावा.”

बाईंनी हात पुढे केला. उंदीर तळहातावर चढला, बसला, आणि मिशा साफ करू लागला.

“हा माणसाळलेला दिसतो, सर.”

“इकडचे उंदीर स्वभावाने गरीब आहेत.”

“याच्या अंगाला लाकडाच्या भुश्श्याचा वास येतोय,” बाई म्हणाल्या. “दुकानात लव्हबर्डशेजारी ठेवलेले असतात ना, तसला.”

सर काहीतरी बोलणार, एवढ्यात पलीकडच्या धोंड्यांआडून आवाज चढले. दोघे तिकडे गेले. कारभारी पाठीला पोतं लावून एका पिंजऱ्याच्या एका बाजूला होते, रंगनाथ दुसऱ्या बाजूला. पिंजरा दोघांनी धरला होता. आतल्या उंदराने दोन्ही बाजूंचं ऐकून घेण्याचं सोडून मधोमध अंग चोरलं होतं. मागे दोन्ही आळ्यांची माणसं उभी होती आणि चांदभाईच्या हातात एक झाकलेला डबा होता.

“कारभारी, सोड पिंजरा. आज पुनव हाय. पाळी आमची हाय.”

“पुनव काल झाली. क्यालेंडर बघ.”

“कुठलं क्यालेंडर? खताच्या दुकानातलं? त्यात मागं दसरा दोनदा आल्ता.”

“तू आमच्या दसऱ्याचं बोलू नको. तुजी पाळी म्हंजे काय रं? रतनबाईच्या फळीमागचा उंदीर धरायचा आन माळावरचा म्हनून दाखवायचा. हाळदीसकट आन्ला हुता, पुसलाबी न्हाई.”

“आन तू? पिंजऱ्यात आल्याला उंदीर पोत्यात घालून साडूच्या गावाला नेतो. साडू इचारत न्हाई व्हय, पाव्हनं रोज का येत्यात म्हनून?”

डॉ. मारियांनी पांढरा उंदीर अलगद ओंजळीत धरला आणि शांतपणे विचारलं, “पाळी कसली?”

तेव्हा दोघांनाही समिती येऊन उभी राहिल्याचं दिसलं. दोघांनी पिंजरा एकदम सोडला. पिंजरा पडला, दार उघडलं, आणि उंदीर निघून गेला. त्या सकाळी माळावर शहाण्यासारखं वागणारा तो एकच.

“म्याडम आल्याच हायत तर त्येंनीच सांगावं,” रंगनाथ म्हणाले. “जास्त उंदरांना मार्क हायत का कमी उंदरांना?”

“आन पांढऱ्या उंदराचे निराळे धरनार का त्यातच?” चांदभाईने मागून विचारलं. “नगरास्नं आनलाय. दुकानवाला एकटा देत नव्हता, जोडीच घ्या म्हनला.” त्याने डब्याचं झाकण जरा उचलून दाखवलं. जोडीदार आत होता.

मग सगळं बाहेर आलं. दोन्ही आळ्या एकमेकींचं सांगत होत्या, त्यामुळे काही राहिलं नाही. सर ऐकत होते. त्यांच्या डोळ्यांपुढे लॉजच्या भिंतीवरचा आलेख होता. चढ दिसत होता, त्यावर रंगनाथ बसलेले दिसत होते. उतार दिसत होता, तिथून कारभारी पोतं घेऊन उतरत होते.

“म्हणजे कृष्णपक्षात जे ओसरत होते ते...” सरांनी विचारलं. त्यांना उत्तर ठाऊक होतं; पण शास्त्रज्ञाने पडताळून बघावं, हे त्यांना आता आठवलं.

“पोत्यात हुते, सर,” कारभारी म्हणाले. “पर एकबी मारला न्हाई. जांभळ्या कानाचं समदं ओढ्यापल्याड जित्तं सोडलेत.”

डॉ. मारियांनी आलेखाचा कागद उलगडून पुन्हा पाहिला, माणसांकडे पाहिलं, आणि कागदाची घडी घातली.

“सर, तुमचं चक्र खरं आहे,” त्या म्हणाल्या. “अमावास्येनंतर चढतं, पौर्णिमेनंतर उतरतं, त्यात खोट नाही. फक्त प्राणी दुसरा निघाला.”

बाई थट्टा करतात की सांत्वन, हे सरांना कळेना. मे महिना मात्र त्यांना स्वच्छ दिसला: शाल, नारळ, आणि दोन शब्द बोलायला उभा राहिलेला तो ऊवाला. पण पन्नास मिनिटांचे तास घेऊन घेऊन आयुष्य काढलेल्या माणसाला समोर चाळीस माणसं उभी दिसली की गप्प राहता येत नाही. सर एका धोंड्यावर चढले.

“ग्रामस्थहो,” ते म्हणाले, “ही स्पर्धा नव्हती. इथे मार्क नव्हते. जास्त उंदीर नको होते आणि कमीही नको होते. होते तेवढेच हवे होते. विज्ञानाला खरं लागतं, मग ते रिकाम्या पिंजऱ्याएवढं का असेना. तुम्ही मला फसवलं नाही. मला जे बघायचं होतं ते तुम्ही आणून दिलंत, आणि मी ते बघत राहिलो. दोष माझा आहे. हा निबंध मी आज मागे घेतो. माझं नाव विज्ञानात राहणार नाही. हरकत नाही. सत्य राहील.”

हे सर खरंच मनापासून बोलले, आणि बोलताना त्यांना आयुष्यात पहिल्यांदा आपण शास्त्रज्ञ असल्यासारखं वाटलं. डॉ. मारियांनी मान खाली घातली. रुपालीताईंनी पदर डोळ्यांना लावला.

रंगनाथ आणि कारभारी बाजूला गेले. दोघांची डोकी एकत्र आली. कमानीच्या तंट्यानंतर त्यांना असं कुणी पाहिलं नव्हतं. थोडी कुजबुज झाली, मान हलली, आणि दोघे बरोबरच सरांच्या धोंड्यापाशी येऊन हात जोडून उभे राहिले.

“तुमी बोल्ला ते समदं पटलं, सर,” रंगनाथ म्हणाले. “पयला नंबर न्हाई, दुसरा न्हाई, आमची कायबी तक्रार न्हाई. पन येवढी म्याडम बंगळुरास्नं आल्या, तर गावाला उत्तेजनार्थ तरी द्या.”

“उत्तेजनार्थ?” सर धोंड्यावरूनच म्हणाले. “पण कशाबद्दल?”

“त्येचं तुमी टेन्शन घेऊ नका,” कारभारी म्हणाले. “कशाबद्दल ते आमी नंतर टाकून घेऊ. तुमी फकस्त कोऱ्यावर शिक्का मारून द्या.”